भोकरमाळ: मुरूम शून्य

सांगलीतल्या आमच्या ऑफिसात पंचिंग मशीन आलं तेव्हा त्याची पूजा झाली होती. नारळ फुटला, पेढे वाटले, फोटोग्राफरही बोलावला होता. त्या फोटोत आगाशेसाहेब आहेत, दोन इंजिनियर आहेत, शिपाई कोंडीबा आहे, एका कडेला मान वाकडी करून मी उभा आहे. जी ते मशीन चालवणार होती ती मुक्ता सरतापे मात्र फोटोत नाही. तेवढ्यात तिला साहेबांनी टपाल टाकायला पाठवलं होतं. मुद्दाम पाठवलं की सहज, ते मला त्या दिवशी कळलं नाही. साहेबांच्या हाताखाली पाच वर्षं काढल्यावर कळलं.

ही त्र्याहत्तर सालची गोष्ट. दुष्काळ नुकताच सरला होता, आणि त्यातून 'पाणीशोध प्रकल्प' नावाचं एक तात्पुरतं ऑफिस विश्रामबागेत भाड्याच्या बंगल्यात उघडलं होतं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली दोनशे बारा गावं आमच्याकडं होती. प्रत्येक गावच्या विहिरीत उतरायचं, जमिनीखाली मुरमाचे थर किती जाडीचे आहेत ते मोजायचं आणि बोअर कुठं मारायचे त्याची यादी करायची. आमच्याकडच्या जमिनीत पाणी धरतो तो मुरूम. कातळ पाण्याला जागाच देत नाही. म्हणून नियम असा ठरला होता की गावात मुरमाचे सगळे थर मिळून दोन मीटरच्या वर भरले तर बोअर मंजूर, नाहीतर गाव यादीतून बाद.

मी मानसिंग, इस्लामपूरजवळच्या एका उसाच्या गावचा. बी.एस्सी. झालो होतो, शेतात मन नव्हतं, म्हणून या नोकरीत आलो. विहिरीत दोरावरून उतरून टेप लावायची आणि प्रत्येक थराची वरची कड किती मीटरवर, खालची कड किती मीटरवर, एवढं वहीत लिहायचं, हे माझं काम. वहीतले आकडे मुक्ता कार्डांवर उतरवायची. पुठ्ठ्याचं कार्ड, आणि त्यात मशीननं पाडलेली भोकं. कॉम्प्युटर पुण्यात होता, तोही भाड्याचा. कार्डांचे गठ्ठे पत्र्याच्या पेटीतून पुण्याला जायचे आणि आठवड्यानं छापील कागदांची चळत परत यायची.

मुक्ता तेव्हा तेवीस वर्षांची असेल. कोरेगाव तालुक्यात उत्तरेकडं माळावर भोकरमाळ नावाचं गाव आहे, तिथली. तिचे वडील सोपान सरतापे महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. छप्पन साली घर बौद्ध झालं तेव्हा ती सहा वर्षांची होती. गावानं मात्र वस्तीचं जुनं नाव सोडलेलं नव्हतं. साताऱ्याला बोर्डिंगात राहून ती गणित घेऊन बी.ए. झाली. आमच्याकडं 'गणक सहायक' अशी एक जागा निघाली होती, तिनं अर्ज त्या जागेसाठी केला होता. मुलाखतीत तिला सांगितलं, ती जागा भरली. पंचिंगला बसता का? ती बसली. गणक सहायकाची जागा प्रकल्प बंद होईपर्यंत रिकामीच राहिली.

काम करताना ती आकडे पुटपुटायची, तेही लष्करी हिंदीत. "तीन पॉइंट एक, चार पॉइंट शून्य." वडिलांनी लहानपणी वायरलेसवाल्यांसारखे आकडे म्हणायला शिकवले होते म्हणे. इंजिनियर लोक तिची नक्कल करायचे. तिला ते ऐकू येत होतं, पण तिनं पुटपुटणं सोडलं नाही, कारण त्यामुळं तिची चूक होत नसे. दोनशे बारा गावांच्या कार्डांत तिच्या हातून फक्त तीन चुका झाल्या, आणि त्या तिन्ही तिनंच शोधून काढल्या.

दुपारी आम्ही डबे खायला एकत्र बसायचो. ती मशीनपाशीच बसायची. तिला कुणी 'येऊ नका' म्हटलं नव्हतं, आणि 'या' असंही म्हटलं नव्हतं. त्या तासाभरात ती पुण्याहून आलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचायची. कॉम्प्युटरला हुकूम कसे द्यायचे, त्या फोरट्रान भाषेचं ते पुस्तक होतं. आगाशेसाहेबांच्या टेबलावर त्याची दुसरी प्रत होती. तिच्या वेष्टणाचा कागदसुद्धा निघालेला नव्हता.

आता प्रोग्रॅमबद्दल सांगितलं पाहिजे. मूळ प्रोग्रॅम पुण्याच्या एका प्राध्यापकानं लिहून दिला होता आणि तो बरोबर चालत होता. त्यात थराची जाडी काढणारा एक छोटा स्वतंत्र तुकडा होता, त्याला प्राध्यापकानं इंग्रजीत 'थिक' असं नाव दिलं होतं. त्याच सुमारास वरून पत्र आलं की कारभारात मराठीचा वापर वाढवा. आगाशेसाहेबांना उत्साह चढला. प्रोग्रॅममधली सगळी नावं मराठी करायची असं त्यांनी ठरवलं. 'टॉप'चं झालं 'वर', 'बॉटम'चं झालं 'तळ', 'थिक'चं झालं 'जाडी', आणि सगळ्या थरांची बेरीज ज्या नावाखाली जमा होई त्याला नाव दिलं 'मुरूम'. अक्षरं अर्थात रोमनच, पण शब्द आपले. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना साहेब ती कार्डं दाखवायचे. म्हणायचे, "यंत्राला आम्ही मराठी शिकवली." पाहुणे खूश व्हायचे. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

पंचाहत्तरच्या जानेवारीत सगळ्या गावांची पहिली छापील यादी आली. साहेबांनी ती वरवर चाळली. नदीकाठची गावं वर होती, माळावरची खाली. माझं गाव पहिल्या विसांत होतं. शेवटच्या दोन पानांवर चौसष्ट गावं अशी होती की ज्यांच्यापुढं मुरूम शून्य छापलेलं होतं.

मुक्तानं ती पानं पाहिली आणि उठून माझ्या टेबलाशी आली. कामाशिवाय ती कधी कुणाशी बोलत नसे.

"मानसिंगराव, भोकरमाळला तुम्हीच गेला होता ना?"

"हो. तुमच्या वडिलांनीच टेपचं वरचं टोक धरलं होतं. वस्तीत दुष्काळी कामावर अर्धवट खणलेली विहीर आहे, तिच्यात उतरलो होतो."

"मुरूम होता?"

मी वही काढली. तीन थर होते. पहिला नव्वद सेंटिमीटरचा, दुसरा ऐंशीचा, तिसरा साठचा. तिसऱ्यापुढं मी 'तळाशी ओल' असं लिहिलं होतं. सगळे मिळून दोन मीटर तीस सेंटिमीटर.

"मग शून्य कसं?" ती म्हणाली.

"तुमच्याकडून कार्ड चुकलं असेल."

"नाही चुकलं. मी आता तपासूनच आले."

मी खांदे उडवले. मशीननं काढलेला आकडा होता तो, त्याला मी काय करणार?

चार दिवस ती त्या पुस्तकात डोकं घालून होती. पाचव्या दिवशी तिला सापडलं. मला तिनं जे समजावलं ते मी तुम्हाला सांगतो, कारण सगळं पाणी तिथंच मुरलं होतं. त्या भाषेत एक न बोललेला नियम आहे. एखाद्या नावाचं पहिलं अक्षर रोमन आय ते एन यांच्यातलं असेल आणि तुम्ही वेगळं काही सांगितलं नसेल, तर कॉम्प्युटर धरून चालतो की या नावात पूर्ण आकडेच राहणार. दशांश आला तर तो कापून टाकायचा. बाकीच्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या नावांत दशांश राहू शकतो. 'थिक' टी-वरून होतं, म्हणून प्राध्यापकाचा हिशेब बरोबर यायचा. 'जाडी' जे-वरून, 'मुरूम' एम-वरून. नव्वद सेंटिमीटर म्हणजे पॉइंट नऊ मीटर, त्याचं झालं शून्य. पॉइंट आठचं शून्य, पॉइंट सहाचं शून्य. शून्यात शून्य मिळवून शून्य. नदीकाठी साडेसात मीटरचा एकच जाड थर असतो, तिथं सातच धरले तरी काही बिघडत नाही. माळावर मात्र थर असतात ते हातभर जाडीचे. ते सगळेच्या सगळे उडाले होते.

"उपाय?" मी विचारलं.

"अगदी सोपा आहे. प्रोग्रॅमच्या वरच्या बाजूला एक कार्ड लावायचं. जाडी आणि मुरूम ही नावं दशांशाची आहेत, असं त्यावर लिहायचं. नावाचा प्रकार आपण सांगितला की यंत्र अंदाज करत नाही."

मी तिला साहेबांकडं घेऊन गेलो. म्हणजे ती पुढं होती, मी दारात उभा होतो.

आगाशेसाहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून पुसला. "सरतापेबाई, प्रोग्रॅम कुणी लिहिलाय?"

"प्राध्यापकांनी. नावं आपण बदललीत."

"म्हणजे चूक माझी?"

"चूक नावाच्या प्रकाराची आहे सर. तो सांगायचा राहिलाय."

"तुमचं गाव यादीत आलं नाही म्हणून हे चाललंय का?"

मुक्ता म्हणाली, "चौसष्ट गावं आहेत सर. त्यात माझं एक."

साहेब काही वाईट माणूस नव्हते, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. ते म्हणाले, "ठीक आहे, लावा तुमचं कार्ड. बघू या." तिनं कार्ड पाडलं, गठ्ठ्याच्या वरच्या बाजूला घातलं, पेटी पुण्याला गेली.

आठवड्यानं कागद आले त्या दिवशी मुंबईचे एक बडे अधिकारी ऑफिसात बसले होते. साहेबांनी त्यांच्यासमोरच चळत उघडली. आकडे वाचून दोघेही गार झाले. एका गावात मुरूम उणे चारशे मीटर, दुसऱ्या गावात कोटीच्या घरात. अधिकारी हसून म्हणाले, "आगाशे, एवढ्या मुरमात तर अख्खी पृथ्वी पुरली जाईल." साहेबही हसले, पण कानापर्यंत लाल झाले होते. पाहुणे गेल्यावर त्यांनी मुक्ताला बोलावलं आणि दार उघडं ठेवून बोलले, म्हणजे आम्हा सगळ्यांना ऐकू जावं.

"तुमचं काम भोकं पाडायचं. डोकं चालवायचं नाही. यापुढं प्रोग्रॅमच्या कार्डांना हात लावायचा नाही."

तिची चूक झाली होती, पण ती अर्धीच. 'जाडी' हा स्वतंत्र तुकडा आहे, हे तिनं लक्षात घेतलं नव्हतं. ज्या ठिकाणाहून त्या तुकड्याला बोलावलं जातं तिथं तिनं प्रकार सांगितला होता, पण खुद्द तुकड्याच्या डोक्यावर सांगायचा राहिला होता. तुकडा पूर्ण आकडा तयार करून देत होता आणि घेणारा त्याला दशांशाचा समजून वाचत होता. दोन्हीकडं सांगायला हवं होतं. हे तिला दुसऱ्याच दिवशी पुस्तकात मिळालं. ती साहेबांच्या दाराशी तीनदा गेली. तिन्ही वेळा कोंडीबानं "साहेब कामात हायती" म्हणून परत पाठवलं.

मार्चअखेर आली. यादी मुंबईला गेली. तीच, पहिली, चौसष्ट शून्यांची.

एप्रिलमध्ये पुण्याला नेहमीची एक पेटी जायची होती, जुन्या कामाचीच फेरतपासणी. मुक्तानं कुणालाही न विचारता त्यात आपली दुरुस्तीची कार्डं घातली. कागद आले ते तिनं आधी मला दाखवले. भोकरमाळपुढं दोन पॉइंट तीन होतं. माझ्या वहीत होतं तेच. बाकीच्या गावांची आम्ही दोघांनी मिळून हातानं बेरीज करून पाहिली, एकूण एक आकडा जुळला. चौसष्टांपैकी एकेचाळीस गावं मंजूर व्हायला हवी होती.

तिच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही दिसला नाही. ती एवढंच म्हणाली, "आता तर बघतील ना?"

साहेबांनी कागद पाहिले. या खेपेला त्यांना समजलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. भोकरमाळच्या ओळीवर बोट ठेवून ते कितीतरी वेळ बसून होते. मग त्यांनी चळतीची घडी केली, दुरुस्तीच्या कार्डांसकट कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली.

"परवानगीशिवाय प्रोग्रॅम बदलला," ते म्हणाले. "लेखी खुलासा द्या."

मुक्तानं खुलासा दिला तो अडीच पानांचा. उदाहरणं देऊन, आकडे मांडून, कुठलं कार्ड कुठं आणि का, सगळं त्यात होतं. एक प्रत तिनं रजिस्टर टपालानं थेट मुंबईला पाठवली. तिकडून चौकशीचं पत्र यायला जूनचा शेवट उजाडला. तोवर देशात आणीबाणी लागली होती. ऑफिसात शिस्तीच्या पाट्या लागल्या होत्या, आणि मंजूर झालेली यादी चुकलीय असं म्हणायला कुणाच्या तोंडात जीभ नव्हती.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. एक होता मला नोकरीत कायम करण्याच्या शिफारशीचा. दुसऱ्यावर टाइप केलेली चार ओळींची कबुली होती: डोंगराळ भागातील काही गावांची मापे वेळेअभावी अंदाजाने घेतली असल्याने त्या गावांच्या आकड्यांवर विसंबता येत नाही.

"मानसिंगराव, कुणावर काही येणार नाही. नुसती नोंद. मापं अंदाजे होती म्हटलं की विषय संपला."

"पण साहेब, टेप लावून मोजली होती मी."

"ते मला माहीत आहे." त्यांनी पेन पुढं केलं. "पहिला कागद मी आजच्या टपालानं पाठवणार आहे. दुसरा बरोबर असला तर."

माझं लग्न ठरलं होतं. विजयमालेच्या वडिलांनी पहिला प्रश्न विचारला होता तो 'कायम हाय का?' हाच. हे मी सबब म्हणून सांगत नाही. हे असं होतं, एवढंच. मी सही केली. पेनात शाई कमी होती म्हणून दोनदा गिरवावी लागली.

संध्याकाळी ऑफिस सुटताना मुक्ता जिन्यात थांबली होती. तिला कुणीतरी सांगितलं असावं.

"टेप लावली होती ना तुम्ही?"

"लावली होती."

"माझे वडील वर उन्हात टोक धरून उभे होते. एवढा वेळ."

"हो."

ती बाजूला झाली. मला वाट दिली. मी खाली उतरून सायकल काढली. त्यानंतर तीन वर्षं आम्ही एकाच खोलीत काम केलं आणि आकड्यांपलीकडं ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

भोकरमाळची हकीकत मला अर्जुनाकडून समजली. अर्जुना सोपान हवालदारांचा पुतण्या, सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली करायचा. यादी जाहीर झाली तेव्हा गावात बोंब उठली. गावच्या मुख्य विहिरीनं तळ गाठला होता. टँकर यायचा तो चावडीपुढं, वस्तीतल्या बायांची पाळी सगळ्यांच्या शेवटी. मुक्ताची आई भामाबाई कळशी घेऊन दोन मैलांवरच्या ओढ्यात झरे उकरायला जायची. गावचे म्हातारे तात्याबा चावडीवर बसून सोपान हवालदारांना म्हणाले, "तुजी पोरगी सांगलीत मशिनीवर बसती म्हनं. आन तिच्याच मशिनीनं आमचं पानी खाल्लं व्हय रं?"

हवालदार म्हणाले, "मशिनीनं न्हाई खाल्लं. सायबानं खाल्लं."

"सायेब शिकल्याला माणूस. तुमाला शिकवून बिघडलं सगळं."

मुक्ता त्या महिन्यात घरी गेली होती. तिनं वडिलांना सगळं समजावून सांगितलं. वहीतलं 'तळाशी ओल'सुद्धा. हवालदार ऐकून घेऊन म्हणाले, "म्हंजी खाली हाय पानी?"

"असणार, दादा."

"मग सरकार कशाला लागतंय?"

तिसऱ्या दिवसापासून त्यांनी त्याच अर्धवट विहिरीत पहार घातली. ते स्वतः, अर्जुना आणि शेजारचा धोंडिराम. हवालदारांचं वय साठीला आलेलं. खांद्यात जुन्या जखमेची कळ होती. चोवीस फुटांवर तळ होता, तिथून खाली जायचं. वरनं पाटी ओढायला भामाबाई आणि वस्तीतल्या बाया. सव्वा महिना खणलं. एकतिसाव्या फुटाला पाझर लागला, आणि दोन दिवसांत पुरुषभर पाणी चढलं. अर्जुना सांगत होता, पाझर फुटला तेव्हा हवालदार त्या ओलीत गुडघे टेकून बसले आणि किती वेळ वर आलेच नाहीत.

आता एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर मी ती कुणाला तरी आनंदानं सांगितली असती.

विहिरीला आतून दगडी बांधकाम लागतं. मुरूम भुसभुशीत, पावसात ढासळतो. हवालदारांनी बांधकामासाठी तालुक्याला अर्ज केला. तालुक्यानं तो आमच्याकडं अभिप्रायाला पाठवला. फाईल माझ्या टेबलावर आली. छापील नमुना होता: या गावी भूगर्भात पाणी धरणारा थर आहे काय? मंजूर यादीप्रमाणे उत्तर द्यावे. मंजूर यादीत शून्य होतं, आणि अशा गावांच्या मापांवर विसंबता येत नाही ही माझ्याच सहीची कबुली फाईलला टाचलेली होती. विहिरीत पाणी उभं होतं. मी 'नाही' लिहिलं आणि फाईल पुढं सरकवली.

मुक्ताला ती फाईल दिसली असणार, कारण जावक रजिस्टर तिच्याकडं होतं. तिनं नोंद केली. अक्षर नेहमीसारखंच, सरळ.

शहात्तरचा पाऊस चांगला झाला. विहीर भरली. सत्त्याहत्तरच्या पावसात उत्तरेकडची कड सुटली आणि सगळं काठोकाठ बुजलं. दिवसा बुजली, बाया धुणं घेऊन जायच्या तासभर आधी, म्हणून कुणी मेलं नाही. सोपान हवालदारांनी परत पहार उचलली नाही. त्यांना आता हात वर नेता येत नव्हता.

प्रकल्पाचा दुसरा टप्पा निघाला तेव्हा मात्र गंमत झाली. साहेबांनी कपाटातून मुक्ताची ती कार्डं काढायला लावली. सगळ्या नावांचे प्रकार वर लिहिलेला, दुरुस्त केलेला प्रोग्रॅम वापरला गेला, आणि एकही आकडा चुकला नाही. पहिल्या टप्प्यातली गावं 'तपासून झालेली' म्हणून दुसऱ्या टप्प्यात घेतली नव्हती, त्यामुळं त्या एकेचाळीस गावांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता. अहवालात एक वाक्य आलं: प्रोग्रॅममध्ये श्री. आगाशे यांनी महत्त्वाच्या सुधारणा केल्या. साहेबांना त्यावर एका परिषदेत बोलायला बोलावलं. अठ्ठ्याहत्तरच्या अखेरीस प्रकल्प गुंडाळला. कायम असलेले आम्ही दुसऱ्या खात्यांत गेलो. मुक्ता तात्पुरतीच होती, तिला घरी पाठवलं.

एकोणऐंशीत कामानिमित्त मी कोरेगावला गेलो होतो. एका वकिलाच्या ऑफिसात ती टायपिंग करत बसलेली दिसली. केस पुढून पांढरे झाले होते. मी आत गेलो. काय बोलावं ते ठरवून गेलो नव्हतो.

"बसा," ती म्हणाली.

मी बसलो. तिच्या वडिलांची चौकशी केली. "आहेत," म्हणाली. मग मी म्हणालो, "माझी चूक झाली."

"कुठली?"

सहीची म्हणू की फाईलची, हे मी ठरवेपर्यंत तिनंच विषय सोडून दिला. टेबलाच्या खणातून एक कागद काढला. पुण्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारी माणसं हवी होती. तिनं अर्ज केला होता. कंपनीनं अनुभवाचा दाखला मागितला होता. साहेबांनी दिलेल्या दाखल्यात 'कार्ड पंचिंगचे काम समाधानकारक' एवढंच होतं.

"प्रोग्रॅम मी दुरुस्त केला होता, एवढं लिहून द्याल?"

"माझ्या सहीला काय किंमत? मी साधा सहायक."

"तुमच्या सहीला किंमत आहे, मानसिंगराव," ती म्हणाली. "मी बघितलीय."

मी तिथंच बसून लिहून दिलं. काय दुरुस्त केलं, कसं केलं, किती गावांचा आकडा बदलला, सगळं. खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख. तिनं शांतपणे वाचलं, एक शुद्धलेखनाची चूक दाखवली, मी ती सुधारली.

महिन्यानं तिचं पोस्टकार्ड आलं. दाखल्यावर ऑफिसचा शिक्का नाही म्हणून कंपनीनं तो धरला नाही. शिक्का आगाशेसाहेबांच्या ताब्यात होता, ते तोवर मुंबईला बढतीवर गेले होते. मी त्यांना पत्र टाकलं. आठवण म्हणून दुसरं टाकलं. दोन्हींचं उत्तर आलं नाही. मुंबईला जाऊन त्यांना समोरासमोर विचारावं असं बरेचदा मनात आलं. रजा शिल्लक होती, गाडीही रोज होती. मी गेलो नाही.